शेऱ्याचा रकाना

"ही मुलगी आम्हाला ठेवता येणार नाही," वॉर्डन पेशने मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला टेबलावरून माझ्याकडे सरकवला. दोनच बोटांनी, कोपऱ्याला धरून.

खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती आणि ती मला मिळाली होती, कारण मी मास्तरीण. माझ्या मागे सगुणा कुमरे आणि तिची आई पारबताबाई उभ्या होत्या. सगुणा आमच्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलातून नुकतीच दहावी झालेली. एक्क्याऐंशी टक्के. आमच्या गावात दहावीच्या पुढे शाळा नव्हती. जिल्ह्याच्या गावी मुलींचं हे एवढं एकच वसतिगृह. इथे जागा मिळाली तर शेजारच्या कॉलेजात अकरावी सायन्स, नाही मिळाली तर उन्हाळ्यात मामाच्या पोराशी लग्न. मामा तयारच बसला होता.

"यादीत तिचं नाव पाचवं आहे," मी म्हणाले. "कालच लागली यादी."

"यादी मार्कांवर लागते. कागद आज पाहिले. शेरा वाचा."

मी दाखला उचलला. आमच्या शाळेचा शिक्का, मुख्याध्यापक लांजेवार सरांची सही, आमचे लिपिक नैताम बाबू यांचं गोल गोल अक्षर. वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम. आणि सगळ्यात खाली, जिथे एरवी आडवी रेघ मारलेली असते, त्या शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द होते. सिकलसेल वाहक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाहक म्हणजे आजारी नाही, मॅडम," मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणाले. "मी विज्ञान शिकवते. या मुलीला काहीही झालेलं नाही. आयुष्यभर काही होणारही नाही. लग्नाच्या वेळी समोरचा मुलगाही वाहक नाही ना, एवढं फक्त पाहायचं."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण माझ्याकडे ऐंशी मुली एका पंगतीत जेवतात, एका विहिरीचं पाणी पितात. उद्या एखाद्या बापानं विचारलं, रक्ताच्या रोगाची पोरगी आमच्या पोरीशेजारी काहून निजवली, तर मी काय सांगू?"

"सांगा की हा रोग लागत नाही. जन्मानं येतो."

"मी डॉक्टर नाही," पेशने मॅडम म्हणाल्या. "उद्या बारापर्यंत जागा धरून ठेवते. दाखल्यात चूक असेल तर दुसरा आणा. नाही तर सहाव्या नंबरच्या मुलीला बोलावणं धाडते."

बाहेर आल्यावर पारबताबाईंनी मला एकच विचारलं.

"मॅडम, तुमी तं म्हनलं होतं, नाव शाळेच्या भायेर जानार नाही."

हे मी म्हटलं होतं, आणि कुठे म्हटलं होतं तेही मला चांगलं आठवत होतं.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याचे लोक शाळाशाळांतून सिकलसेलची तपासणी करत फिरत होते. बोट टोचायचं, थेंबभर रक्त घ्यायचं. निकाल आला की रंगीत कार्ड. आजार असेल तर लाल, वाहक असेल तर पिवळं, काहीच नसेल तर पांढरं. तपासणी ऐच्छिक होती आणि आमच्या गावात कुणाचीच इच्छा नव्हती. लाल कार्डाची भीती होतीच, पण तिच्याहून जास्त पिवळ्याची होती, कारण पिवळ्यानं सोयरीक मोडते असं चार गावांत ऐकू आलं होतं. शाळेत ही तपासणी सक्तीची करावी की नाही, यावर तेव्हा जिल्हाभर वाद चालला होता. पेपरात पत्रं येत होती, पुढारी दोन्ही बाजूंनी बोलत होते. आमच्या गावात तो वाद मी एकटीनं पेटवला. शाळा समितीची सभा ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली भरली आणि मी ठराव मांडला. ज्याची तपासणी नाही त्याचं नाव हजेरीपटावर नाही.

सगळे उठलेच माझ्या अंगावर.

"ज्याले करायची त्यानं करावी. सक्ती काहून?" उपसरपंच ओरडले.

"पोरायचं रक्त काढून कुठी नेता?" दुसरा कुणी म्हणाला.

लांजेवार सर माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "शेंडे मॅडम, कशाला नसत्या भानगडीत पडून राहिल्या? आपलं काम शिकवणं आहे."

मग मी त्या सभेत मधूचं सांगितलं. मधू माझा धाकटा भाऊ. थंडीच्या दिवसांत त्याचे गुडघे, कोपरं अशी दुखायची की पोरगं जमिनीवर लोळायचं. बाबा म्हणत, कामचोर आहे. आई म्हणे, बाहेरची हवा लागली. शाळेतले पी.टी.चे मास्तर म्हणत, नाटकं करतो, आणि रुळानं त्याच्या पोटऱ्या फोडत. अकराव्या वर्षी तो गेला. गेल्यावर तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं की हा सिकलसेलचा पेशंट होता, आधी कळलं असतं तर जगला असता. मी तेव्हा चौदाची होते. मार खाताना तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान खाली घालायची, कारण मलाही वाटायचं की तो नाटकं करतो. हे मी त्या चिंचेखाली दोनशे माणसांसमोर सांगितलं. मग शाळेतून फळा मागवला, त्यावर आई-बाप आणि चार चौकोन काढले. आई-बाप दोघंही पिवळे असले तर दर खेपेला चार वाटा असतात, एक लाल, दोन पिवळ्या, एक पांढरी. मूल कोणत्या वाटेनं येईल ते आपल्या हातात नाही, पण माहीत करून घेणं आपल्या हातात आहे. ठराव पास झाला.

उठता उठता पारबताबाई माझ्याजवळ आल्या होत्या. डोक्यावरचा पदर दातात धरून हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरीची जात हाये. नाव भायेर गेला तं?"

"नाव शाळेच्या बाहेर जाणार नाही," मी म्हणाले. "माझा शब्द आहे."

एकशे चाळीस मुलांची बोटं टोचली. चार लाल निघाली, एकतीस पिवळी. त्या चार लालमधला एक पोरगा आज धडधाकट संसार करतो आहे, गोळ्या वेळेवर घेतो. मी केलं ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून लोक मला भलत्याच पक्षात बसवतात.

तर आम्ही तिघी दुपारच्या बसनं परत निघालो. अडीच तासांचा रस्ता. सगुणा खिडकीशी बसून होती. मी मात्र मनातल्या मनात नैताम बाबूंची चामडी सोलत होते. हा माणूस वीस वर्षं लिपिक. दाखल्यावर काय लिहावं, काय लिहू नये, एवढं कळू नये? कुणी सांगितलं याला? लांजेवार सरांनी? त्यांना ठराव आवडला नव्हता, म्हणून हा सूड? बस फाट्यावर थांबली तेव्हा माझं पुरतं ठरलं होतं की आज या दोघांना गावासमोर उभं करायचं.

शाळा सुटायला अजून तासभर होता. ऑफिसात लांजेवार सर पेपर वाचत बसले होते आणि नैताम बाबू पोषण आहाराचा तक्ता भरत होते. मी दारातूनच सुरुवात केली.

"कुणी लिहिलं हे? कुणाच्या परवानगीनं लिहिलं? एका मुलीचं आयुष्य मातीत घालायला तुम्हाला दोन शब्द लागले, नैताम बाबू! मी गावाला शब्द दिला होता. माझं नाक कापलंत तुम्ही. आणि सर, तुम्ही न वाचता सही ठोकलीत की वाचून ठोकलीत?"

"आवाज खाली करा, वर्ग चालू आहेत," लांजेवार सर म्हणाले.

"ऐकू द्या वर्गांना!"

ऐकत होतेच. सातवीचा वर्ग भिंतीपलीकडे गप्प झाला होता. नैताम बाबूंनी हातातला तक्ता बाजूला सारला. ते उठले, कमरेची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं आणि शाळेचं जनरल रजिस्टर आणून माझ्यासमोर ठेवलं. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, जात, जन्मतारीख सगळं ज्यात चढतं ते जाडजूड रजिस्टर. दाखला देताना लिपिकानं यातली ओळ जशीच्या तशी उतरवायची असते, कानामात्रा बदलायची मुभा नसते. नैताम बाबूंनी पान काढलं, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि सगुणाच्या ओळीच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

तिथे लाल शाईत लिहिलं होतं, 'सिकलसेल वाहक. स्वतः आजारी नाही. औषधाची गरज नाही.'

सगुणा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"हे तं तुमचं अक्षर हाये, मॅडम," ती म्हणाली.

माझंच होतं. पाच वर्षं ते अक्षर तिनं फळ्यावर पाहिलेलं. आणि मग मलाही ती दुपार आठवली. कार्डं वाटून झाली होती. पोरं ती हरवणार, आया चुलीत घालणार, आणि मी बदलून गेले तर पुढच्या मास्तराला कळणार कसं, या काळजीनं मी एका बैठकीत पस्तीस जणांच्या नोंदी रजिस्टरात केल्या होत्या. सुवाच्य, लाल शाईत. मधूच्या मास्तरांना असं कुणी लिहून ठेवलं असतं तर, असं म्हणत म्हणत. रजिस्टर कपाटात असतं, कपाटाला कुलूप असतं, म्हणजे नाव शाळेतच राहिलं, अशी माझी समजूत. चौदा वर्षं मास्तरकी करून हे माझ्या डोक्यात आलं नाही की पोराबरोबर शाळेबाहेर जातो तो याच रजिस्टराचा कागद.

"पण मी तर आजारी नाही असंही लिहिलंय," मी म्हणाले. "ते का नाही उतरवलं?"

"दाखल्यावर शेऱ्याले बोटभर जागा असते, मॅडम," नैताम बाबू शांतपणे म्हणाले. "पहिले दोन शब्द मावले. खाली सरांची सही येते."

पारबताबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण वाचण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नवीन दाखला करा," मी लांजेवार सरांना म्हणाले. "शेरा कोरा."

"कसा करू? रजिस्टरला आहे ते दाखल्यावर येणार. आणि रजिस्टरमधली नोंद शिक्षणाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, हे तुम्हाला मी सांगू? प्रस्ताव पाठवू. दोन-तीन महिन्यांत येईल."

"उद्या बारा वाजेपर्यंत मुदत आहे."

"मग माझा काय इलाज?"

राग माझ्या स्वभावातच आहे, पण तो असा थंड कधी झाला नव्हता. मी नैताम बाबूंच्या टेबलावरची पट्टी घेतली, निळं पेन घेतलं आणि सगुणाच्या शेऱ्यावर सरळ एक रेघ मारली.

"अहो!" लांजेवार सर खुर्चीतून ताडकन उठले. "काय करून राहिल्या तुम्ही? सरकारी रेकॉर्ड आहे ते!"

मी रेघेखाली लिहिलं, 'ही नोंद मी अधिकार नसताना केली होती, ती मीच रद्द करते.' सही केली, तारीख घातली. मग पान उलटलं आणि पुढचं नाव शोधलं. पस्तीसच्या पस्तीस शोधली. लाल कार्डाच्या चौघांची नावं मला तोंडपाठ होती, त्यांच्यासाठी मला रजिस्टर लागत नव्हतं. लांजेवार सर आधी ओरडले, मग गयावया करू लागले, मग फोनकडे गेले आणि फोन न करताच परत आले. पस्तीसावी सही झाली तेव्हा शाळा सुटल्याची घंटा होत होती.

"हे सगळं तुमच्या नावावर जाईल," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "चौकशी लागेल. मी स्पष्ट लिहीन की माझ्यासमोर, माझा विरोध असताना केलं."

"लिहा. ते माझ्याच नावावर आहे, सर. आता तरी रजिस्टरात शेरा नाही. करा सही."

नैताम बाबूंनी तोपर्यंत कोरा दाखला भरून तयार ठेवला होता. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली, पट्टी लावून, ठळक. लांजेवार सरांनी सही केली. चौकशी माझ्या नावावर जाणार होती; त्यांना आता भीती एवढीच होती की सही नाही केली तर सगुणा उद्याही दारात उभी राहील.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही पुन्हा त्याच खोलीत होतो. खुर्ची तीच. या वेळी मी बसले नाही.

पेशने मॅडमनी दाखला खिडकीच्या उजेडात धरला.

"काल इथे काहीतरी लिहिलं होतं."

"आज नाही."

"म्हणजे मुलगी एका रात्रीत बरी झाली?"

"ती आजारी कधी नव्हतीच. एक विचारू? तुमच्या या ऐंशी मुलींत वाहक किती आहेत?"

"आमच्याकडे असलं काही नाही."

"कशावरून म्हणता?"

"दाखल्यांवरून. एकीच्याही दाखल्यावर तसं लिहिलेलं नाही."

"कारण एकीचीही तपासणी झालेली नाही!" मी ओरडले. व्हरांड्यातून जाणाऱ्या दोन मुली थबकल्या. "या जिल्ह्यातल्या ऐंशी मुली आहेत, मॅडम. त्यातल्या दहा तरी वाहक असतील, तुमच्याच पंगतीत जेवत असतील, आणि त्यांना बापजन्मी कळणार नाही. एखादी तर खरोखर आजारी असेल, थंडीत पाय दुखले की तुम्ही तिला आळशी म्हणत असाल. त्या सगळ्या तुम्हाला चालतात. आणि जिनं पुढे होऊन बोट टोचून घेतलं, जिला आपल्या रक्तात काय आहे ते माहीत आहे, तीच एवढी तुम्हाला नको? तपासणी केली हाच तिचा गुन्हा? मग सगळ्यांची करा ना! मुलींची करा, स्वयंपाकीणबाईंची करा, तुमची स्वतःची करा!"

"माझी?" पेशने मॅडम लाल झाल्या. "मला काय झालंय?"

मी तोंड उघडणार तोच मागून पारबताबाईंचा आवाज आला. कालपासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मॅडम, तुमचं काय निघालं होतं?"

त्या पेशने मॅडमना विचारत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"माझं?"

"हो जी. तुमचा भाऊ त्याच्यातच गेला म्हनलं होतं ना तुमी, चिंचेखाली. तुमी फळ्यावर काढून दाखवलं, माय-बाप दोघंबी पिवळे असन तं मंग असा लेकरू होते. म्हंजे तुमचे माय-बाप पिवळेच. मंग तुमचं कार्ड कोनतं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसानं विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, लांजेवार सरांनी नाही, पेपरवाल्यांनी नाही. मीही मला विचारला नव्हता. एकशे चाळीस पोरांना रांगेत उभं करून मी त्यांची बोटं धरली होती, रडणाऱ्यांना दटावलं होतं, 'मुंगी चावल्यासारखं होतं, घाबरायचं काय' म्हणून. ठरावात आम्ही फक्त विद्यार्थी लिहिलं होतं. शिक्षक लिहायचं कुणाला सुचलंच नाही, आणि लिहिणारी मीच होते. फळ्यावर ते चार चौकोन काढताना मधूचा चौकोन मी दाखवला, आणि उरलेल्या तीन चौकोनांत मी कुठेतरी उभी आहे हे मला दिसलं नाही. माझं लग्न झालं होतं, मुलगी पाच वर्षांची होती.

"माझं केलेलं नाही, पारबताबाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला झेलता आला असता.

"मंग बरं हाये तुमचं," त्या म्हणाल्या. "तुमाले कोनी भायेर काढत नाही."

मग सगुणानं पुढे होऊन टेबलावरचा दाखला सरळ केला, पेशने मॅडमच्या समोर नीट ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, कागद बरोबर हाये का, तेवढं सांगा. बारा वाजतील."

कागद बरोबर होता. कागद बरोबर असला की त्या खोलीत दुसरं काही लागत नव्हतं. पेशने मॅडमनी प्रवेशाचं पुस्तक ओढलं, तिचं नाव लिहिलं आणि खोली क्रमांक घातला. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

सगुणाची पेटी खोलीवर पोचवून पारबताबाई बसस्टँडकडे गेल्या. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. जिल्हा रुग्णालय तिथून दोन चौक अंतरावर होतं. तिथल्या नर्सनं माझं बोट धरलं, मुंगी चावल्यासारखं होईल म्हणाली. मी बोट मागे ओढलं आणि ती मला हसली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पिवळं. मुलीचंही केलं, तिचंही पिवळं.

त्याच आठवड्यात रजिस्टरातल्या खाडाखोडीबद्दल चौकशीची नोटीस आली. चौकशी झाली, ताकीद मिळाली आणि लांब बदली झाली. ते मी कबूल केलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मधूनमधून तो वाद पुन्हा निघतो, शाळेत तपासणीची सक्ती करावी का, कायदा करावा का. मला अनुभवी म्हणून सभांना बोलावतात. मी सांगते, करा. पण पहिलं बोट ठराव मांडणाऱ्याचं टोचा, आणि त्याचं कार्ड सगळ्यांना दाखवा. लोक हसतात. त्यांना वाटतं मॅडम विनोद करतात.

माझं कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली असतं, वेळापत्रकाशेजारी. बदली झाली की तेही बरोबर येतं. सरपंच, पालक, शिक्षणाधिकारी, सगळे त्या टेबलाशी बसून चहा पितात आणि ते वाचतात. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी तर त्यावर कप ठेवला होता. सतरा वर्षांत मला कुणीही, कुठूनही बाहेर काढलेलं नाही.